टायरवाल्या भाऊंची उत्तरं

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती आणि अख्ख्या लाँड्रीत मिळून खुर्ची एकच होती, सुपरवायझरची. बाकी सगळे उभे. ड्रमपाशी उभे, गरम रोलरपाशी उभे, घडीच्या टेबलापाशी उभे. काकू त्या घडीच्या टेबलापाशी इतकी वर्षं उभी होती की तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीच्या गाठींसारख्या वर आल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी तिला स्पष्टच सांगितलं, उभं राहणं बंद करा. काकूने विचारलं, बंद म्हणजे किती बंद? बाई म्हणाल्या, बंद म्हणजे बंद.

आता राहिले दोनच रस्ते. एक तर ती खुर्ची, नाहीतर घर. आणि घरी बसून भागलं असतं तर ती मुळात तळघरात उतरलीच कशाला असती? नवरा बस डेपोत मेकॅनिक, त्याच्या पगाराचं पांघरूण आधीच तोकडं, डोकं झाकलं की पाय उघडे.

खुर्ची रिकामी होणार हे मात्र पक्कं होतं. जुने साहेब रिटायर होणार होते आणि त्यांच्या मनात काकूच होती. त्यांनी वर शब्दही टाकला. पण वरच्या ऑफिसने नियम काढला, सुपरवायझर व्हायचं तर मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट पाहिजे. जुने साहेब काकूला म्हणाले, मी स्वतः काही न शिकता इथं आलो, पण आता मलाही त्यांनी घेतलं नसतं. मग त्यांनीच एका ऑनलाइन कॉलेजचा कोर्स शोधला, ‘व्यवसाय व्यवस्थापन, प्राथमिक ओळख’, आणि ऑफिसमार्फतच तिचं नाव घातलं.

झालं, काकूचं शिक्षण सुरू. सकाळची शिफ्ट संपवून ती घरी यायची, खाटेवर आडवी व्हायची, दोन्ही पाय भिंतीवर वर टेकवायची, कारण सूज उतरायला तेच सांगितलं होतं, आणि मोबाइल पोटावर ठेवून सरांचं ऐकायची. सर कधी दिसायचे नाहीत. नुसता आवाज आणि पाट्या. नियोजन, संघटन, नेतृत्व, नियंत्रण. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, मॅनेजर लोक पाय टेबलावर ठेवतात ऐकलं होतं, भिंतीवर ठेवणारी पहिलीच बघतोय. ती म्हणायची, चहा टाका आणि जा.

पुस्तकातलं कळत नव्हतं असं नाही. पाठही व्हायचं. खरं घोडं अडायचं ते चर्चेपाशी. कोर्समध्ये दर आठवड्याला सर एक प्रश्न टाकायचे. आपण उत्तर लिहायचं आणि बरोबरच्या कुणा एकाच्या उत्तरावर आपलं मतही लिहायचं. दोन्ही केलं तरच मार्क. सुरुवातीला चाळीसेक जण होते, मताला काय तोटा? काकू कुणालाही लिहायची, ‘आपले विचार आवडले, सहमत आहे.’ पण नोकरी करून शिकणारी माणसं ती. एकेक गळत गेली. कुणाला बाळ झालं, कुणाची बदली झाली, कुणाचा नुसता कंटाळा. बघता बघता अर्धी वाट संपली आणि यादीत दोनच नावं हलताना दिसायला लागली. एक काकू आणि एक टायरवाला, कुठल्या तरी दुसऱ्याच गावात हायवेला दुकान असलेला. तिने स्वतःहून नंबर मागून त्याला फोन केला. ती त्याला भाऊ म्हणायला लागली, तो तिला ताई. दोघं एकमेकांशी आठवड्यातून एकदा सहमत व्हायचे.

आणि मग भाऊंचा फोन आला की मी सोडतोय.

हायवे वळवला होता. नवा रस्ता पलीकडून गेला, जुन्यावर आता म्हशी बसतात म्हणाला. दिवसभर दुकानात एक गाडी येत नाही, ताई, आणि मी इकडे नियोजन म्हणजे काय ते लिहू?

काकूच्या तोंडचं पाणीच पळालं. भाऊ गेला तर ती मत देणार कुणाच्या उत्तरावर? एकटीने चर्चा कशी करायची? तिने कॉलेजला फोन लावला तर रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि तो इतका महत्त्वाचा होता की कुणी घेतलाच नाही. मग तिने परत भाऊंना लावला आणि लाज सोडून गयावया केली. म्हणाली, माझे पाय गेलेत हो, त्या सर्टिफिकेटवर माझं सगळं आहे, एवढा कोर्स संपेपर्यंत थांबा.

भाऊ म्हणाला, “असं करा ताई, माझा पासवर्ड घ्या. माझ्या नावानं तुम्हीच लिहा. माझं तरी काय जातंय?”

म्हणजे प्रश्न सरांचा, उत्तर काकूचं, आणि त्यावर मतही काकूचंच. आपलीच पाठ, आपलीच थाप.

पहिल्यांदा भाऊंच्या नावाने लिहायला बसली तेव्हा तिने आधी दार लावून घेतलं. पण एक गंमत झाली. स्वतःच्या नावाने लिहिताना काकू फार जपून लिहायची. घडीच्या टेबलावर तिच्या समोर उभी राहणारी बारकी, जी दारात मावत नव्हती म्हणून तिचं नाव बारकी, तिने एकदा सांगून ठेवलं होतं की काकू, नाव ऑफिसने घातलंय, भिंतीला कान असतात, कॉम्प्युटरला तर डोळेपण असतात, जपून. मग काकू आपली पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवायची. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेईल? पण भाऊंचं कसलं ऑफिस आणि कसलं काय! भाऊंना कोण काढणार?

प्रश्न होता, नियंत्रण म्हणजे काय. काकूने आपल्या नावाने व्याख्या टाकली. आणि भाऊंच्या नावाने लिहिलं, ‘माझा जुना मालक दर तासाला येऊन बघायचा. तेव्हा आम्ही काम करायचो नाही, काम करताना दिसायचो. त्यात जास्त मेहनत जाते.’ पुढच्या वेळी प्रेरणा. भाऊंच्या नावाने लिहिलं, ‘माणूस उशिरा आला तर मी आधी विचारतो, रात्री झोपलास का? झोपून उशिरा आला असेल तर ओरडतो. न झोपता आला असेल तर ओरडून उपयोग नाही, त्याला ऐकूच येत नाही.’ हे सगळं लाँड्रीतलं होतं, तिचं होतं, चादरींच्या जागी फक्त टायर घातले. टायरमधलं अडलं की ती नवऱ्याला विचारायची. तो डेपोतला माणूस, तो हवा, ट्यूब, रिम सगळं सांगायचा आणि वर म्हणायचा, उद्या नोकरी गेली तर पंक्चर काढशील, चिंता नाही.

तिला मजा यायला लागली. खरं सांगायचं तर आठवड्यातला तेवढाच वेळ ती जिवंत असायची. बोटं भराभर चालायची, पाय भिंतीवर आहेत हेसुद्धा विसरायची. आणि मार्क आले की भाऊंना तिच्यापेक्षा जास्त. खाली सरांचा शेरा, ‘उत्तम. अनुभवातून आलेलं उत्तर.’ काकूच्या नावाखाली शेरा, ‘पुस्तकी. आपल्या सहाध्यायाकडून काही शिकता आलं तर पाहा.’

ती नवऱ्याला म्हणाली, बघा, सर म्हणतात माझ्याकडून शिक. नवरा म्हणाला, मग शिक ना. ती हसली, पण रात्रभर तिला ते लागून राहिलं. तिला त्या टायरवाल्याचा हेवा वाटायला लागला होता. कुणाचा? तर तिने स्वतःच रचलेल्या माणसाचा.

शेवटी मोठा निबंध होता. आपल्या कामाच्या जागेबद्दल लिहा, तुम्ही प्रमुख असतात तर काय बदललं असतं ते सांगा. त्याच्यावरच पास की नापास. तिने भाऊंचा आधी लिहून टाकला, कारण तो तिच्या हातातून धो धो यायचा. एका दुपारीच संपला. आणि मग आपला उघडला आणि ‘व्यवस्थापन ही एक कला असून’ एवढं लिहून थांबली. पाठ होतं सगळं, पण बोट हलेना. तिला वाटलं, आता शेवटचं आहे. शेवटचं तरी मी मीच म्हणून लिहीन, मग डोळे असोत नाहीतर कान.

तिने खरंखुरं लिहिलं. घडीच्या टेबलाबद्दल लिहिलं, उभ्या पायांबद्दल लिहिलं. साहेब आत आले की हात कसे उगाच वेगात चालतात ते लिहिलं. न झोपता आलेल्या बाईला ओरडून ऐकू येत नाही हे लिहिलं. लिहिताना रडली. बारकीला दुसऱ्या दिवशी म्हणाली, काय होईल ते होवो, टाकलं मी. बारकी म्हणाली, पास झालीस की पहिल्यांदा माझ्यासाठी स्टूल मागव, तुझ्या खुर्चीत मी मावायची नाही.

निकाल आला तेव्हा काकू टेबलापाशीच होती. भाऊ, विशेष प्रावीण्य. काकू, शून्य, अनुत्तीर्ण. खाली सरांनी लिहिलं होतं, ‘आपण विचार आणि काही वाक्यं थेट सहाध्यायाच्या लिखाणातून उचलली आहेत. त्यांचा निबंध आधी आलेला आहे. इतके दिवस आपल्याबरोबर शिकणाऱ्या माणसाशी असं वागणं बरं नाही.’

तिने ते बारकीला वाचून दाखवलं. बारकी म्हणाली, म्हणजे तू कुणाचं चोरलंस? काकू म्हणाली, माझंच. बारकीला हसू आलं आणि मग आलं नाही.

सांगायची सोय होती का? सांगायचं तर काय सांगायचं, तो मीच आहे म्हणून? नियमात ठळक लिहिलं होतं, दुसऱ्याच्या नावाने लिहिलं तर दोघांचीही नावं कायमची काढू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने सरांना एवढंच लिहिलं की वाक्यं माझीच आहेत. सरांनी फार सौजन्याने उत्तर दिलं, भाषा बघता तसं वाटत नाही. तुमची आधीची सगळी उत्तरं माझ्यापुढे आहेत.

जुने साहेब गेले. त्यांना हार घातला, फोटो काढला. जाताना ते काकूजवळ थांबले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. नवा सुपरवायझर आला. वाईट नव्हता. काकूला काकू म्हणायचा. पण तो दर तासाला येऊन बघायचा.

काकूने महिनाअखेरची नोटीस दिली. सुजलेला पाय आता बुटात जात नव्हता.

त्या शेवटच्या दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत, भाऊंचा फोन आला. काकू रोलरमागच्या कोपऱ्यात गेली, तिथं जरा कमी ऐकू यायचं, म्हणजे मशीन कमी. भाऊंचा आवाज ओळखू येत नव्हता. एका गोदामात नोकरी लागली होती, माल चढवणाऱ्या टोळीचा प्रमुख. सर्टिफिकेट बघून घेतलं त्यांनी. आणि मग आवाज खाली आला. तो म्हणाला, मला झोप लागत नाही ताई, तुमचं काय झालं ते मी कॉलेजच्या पानावर बघितलं. मी सरांना खरं सांगून टाकतो.

काकूने विचारलं, “दुकान?”

“विकलं. लोखंडाच्या भावात.”

“मग गप्प बसा,” ती म्हणाली. “सांगून मला काही मिळणार नाही, तुमचं आहे ते जाईल. दोघं बुडण्यापेक्षा एक तरला ते बरं.”

काकूला वाटलं फोन ठेवावा. मनात आलंही, की हा निदान एकदा तरी भांडायला हवा होता, नाही ताई, मी सांगणारच म्हणायला हवा होता. पण तो म्हणाला नाही. आणि तिनेही त्याच्याकडून ती अपेक्षा लगेच काढून घेतली, घरचं पोट कुणाला सुटलंय.

मग तो चाचरत म्हणाला, उद्या पहिला दिवस आहे. बारा-पंधरा जण असतील, सगळे माझ्यापेक्षा जुने. त्यांच्याशी काय बोलू?

काकूने घसा साफ केला. म्हणाली, नेतृत्व म्हणजे समान उद्दिष्टाच्या दिशेने इतरांना प्रभावित करण्याची...

“हे नको ताई. हे पुस्तकात आहे. माझ्या नावानं लिहायचात ना, तसं सांगा.”

ती भिंतीला टेकली. समोर बारकी उभ्या उभ्या डबा खात होती. नवा सुपरवायझर दारातून बघून गेला.

“पहिल्या दिवशी काही सांगू नका,” काकू म्हणाली. “त्यांच्यातला सगळ्यात जुना कोण ते विचारा. दिवसभर त्याच्याबरोबर ओझं उचला. तो जिथं थांबतो तिथं थांबा. साहेब म्हणून पहिला शब्द दुसऱ्या दिवशी बोला. आणि बघायला जाल तेव्हा लांबूनच आवाज करत जा. चोरपावलांनी गेलात तर ते तुम्हाला कधीच...”

“थांबा, थांबा,” भाऊ म्हणाला. पेन शोधत होता बहुतेक, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. “हळू सांगा ताई. लिहून घेतो.”

मशीन पुन्हा सुरू झालं होतं. काकूने दुसऱ्या कानावर हात दाबला आणि पहिल्यापासून सांगायला लागली, हळू, एकेक शब्द, त्याचं लिहून होईपर्यंत थांबत.