ज्याने त्याने आपापल्या गाळ्यात

फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. सकाळपासून मच्छिंद्रचा पत्ता नव्हता, मार्केट यार्डातला एक अडत्या त्याला शोधत येऊन परत गेला होता, आणि आदल्याच संध्याकाळी आमचं कडाक्याचं वाजलं होतं. सन दोन हजार लागलं की आमच्या प्रोग्रॅममधल्या भाडेकराराच्या तारखा गोंधळ घालणार, हे मी घसा फोडून सांगत होते आणि तो म्हणत होता, "आगं, आधी उजाडू तर दे दोन हजार." फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता. छातीत दुखायला लागलं म्हणून दादा स्वतःच्या पायांनी रिक्षात बसला आणि दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं... एवढं त्याने कसंबसं सांगितलं. मी रिसीव्हर धरून बसून राहिले. रडू आलं नाही. आता भांडायचं कुणाशी, हा विचार आधी आला. माझा स्वभावच तसा आहे, आणि तो मच्छिंद्रइतका कुणी ओळखला नाही. महिना उलटून गेला तरी त्याच्याविषयी भूतकाळात लिहिताना लेखणी अडखळते आहे.

मच्छिंद्र सोनईचा. घरी ऊस, गाई, मोठं खटलं. मी नगरच्या सिद्धार्थनगरची, गिरणीकामगाराची मुलगी. पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. चारचौघांत तो मला "ताई" म्हणायचा आणि भांडताना नुसतं "सुनंदे". मी साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर कायमच्या नोकरीला लागले होते. एके दिवशी तो गेटवर येऊन म्हणाला, "नगरात न् शिर्डीत जिकडं बगावं तिकडं गाळे बांधत्यात. कुनाचा गाळा कुठला, करार कधी संपतो, रिकामा कुठला, हे समदं मुनिमाच्या डोक्यात. मुनीम आजारी पडला की धंदा आजारी. हे आपन कॉम्प्युटरवर घालू." व्यापारी जागांचा कारभार कॉम्प्युटरवर करायचा, ही कल्पना तेव्हा पुण्यातही कुणी फारशी ऐकली नसावी. आमच्या आईने डोक्याला हात लावला. आमच्या वस्तीतली कायमच्या नोकरीवर लागलेली पहिली मुलगी मी, आणि मी ती नोकरी सोडली. माळीवाड्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर एक खोली घेतली. खालून दिवसभर व्हार्निशचा वास यायचा. लोक विचारायचे, "ताई, तुमचा कॉम्प्युटर भाडेकरू पन आनून देतो का?" मच्छिंद्र गंभीरपणे सांगायचा, "आनत न्हाई, पन पळून जाऊ देत न्हाई."

दोन-तीन वर्षांत जम बसत आला आणि शिर्डीचं काम मिळालं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बिल्डरचं मोठं व्यापारी संकुल उभं राहत होतं. बिल्डरला आम्ही शेठजी म्हणायचो. गाळे बांधून व्हायच्या आतच विकले गेले होते, आणि आता गाळेधारकांची आपसांत अदलाबदल चालू होती. भावाला भावाशेजारी हवं, खानावळवाल्याला पाण्याच्या टाकीजवळ हवं, कुणाला दक्षिणेकडे तोंड नको. शेठजी म्हणायचे, "ताईंकडे जा, कॉम्प्युटरात घाला." त्यांच्या कपाटात छापलेली यादी होती, पण ती सगळ्या अदलाबदलींच्या आधीची. नंतरचं सारं आमच्या एका मशिनीत आणि फ्लॉप्यांच्या दोन संचांत. दिवाळीच्या पाडव्याला चाव्या वाटायच्या होत्या. हे काम नीट पार पडलं की शिर्डीतली आणखी कामं आमचीच, आणि फसलं तर माळीवाड्यातली खोलीसुद्धा राहत नव्हती.

दसऱ्याला मी दरवर्षीप्रमाणे आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. माझ्या मागे खंडेनवमीला मच्छिंद्रने ऑफिसात पूजा मांडली. त्याच्या घरी त्या दिवशी नांगर, कोयते, इंजिन सगळ्यांची पूजा व्हायची, मग आपलं पोट भरणाऱ्या मशिनीची का नको? कॉम्प्युटरला हार घातला. आणि फ्लॉप्या, दोन्ही संच, पाटावर ओळीने मांडून एकेकीला ओल्या बोटाने हळदीकुंकू लावलं. जुन्या मोठ्या फ्लॉपीला एक उघडी फट असायची, तिच्यातून आतली काळी चकती दिसायची. सगळी माहिती त्या चकतीवर. मच्छिंद्रला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण पूजा करणारा हात आणि कॉम्प्युटर चालवणारा हात बहुधा वेगळे असावेत. कुंकू लावायला ती फट त्याला कपाळासारखी बरोबर मधोमध सापडली.

मी परतले त्या सकाळी तो खुशीत होता. "तुझ्या वाटनीचं बी मीच लावलंय. तू काय लावनार न्हाईस," म्हणाला. तेवढ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि दणक्यात आली. मशिनीतून टकटक आवाज यायला लागला आणि पडदा काळाच राहिला. हार्ड डिस्क गेली होती. मी तरीही शांत होते, कारण फ्लॉप्या होत्या. डबा उघडला... आणि मग मी काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. खालचे रिवाइंडिंगवाले मामा जिन्यात येऊन उभे राहिले. ओळखीच्या एका क्लासचा कॉम्प्युटर मागून आणला, स्पिरिटच्या बोळ्याने फ्लॉप्या पुसल्या, एकेक घालून पाहिली. चकत्यांवर पिवळेलाल ओरखडे उठले होते. एकही वाचता आली नाही. मच्छिंद्र खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होता.

"वीज मंडळावर घालू," मी म्हणाले. "व्होल्टेज वाढलं, मशीन जळलं. कोण नाही म्हणणार? अर्ध्या जिल्ह्याचे पंप जळतात." आणि ते निम्मं खरंही होतं. मच्छिंद्र मान हलवत राहिला. "मशीन लाइटीनं गेलं. पन फ्लॉप्या माज्या हातानं गेल्या, सुनंदे. लाइटीचं सांगितलं तर उद्या लोक म्हनतील, लाइट गेली की यांचं समदंच जातं. मंग कोन देनार आपल्याकडं काम? आन् मी चुकलो म्हनलं तर निदान एक मानूस चुकला एवढंच हुईल." मी म्हणाले, त्या एका माणसाच्या पायी मी नोकरी सोडून आलेय, त्याचं काय? "मला एकदा सांगू दे," एवढंच तो म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर त्या रात्री मी कारखान्यात परत घेतील का, याचाही विचार केला.

शेठजींनी ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाले, "मग जुनी यादी आहे, तिच्यावरच वाटू." म्हणजे दंगाच. मच्छिंद्रने हात जोडून एक दिवस मागितला. सगळ्या गाळेधारकांना संकुलात बोलावलं. प्लास्टर अजून ओलं होतं, शटर बसली नव्हती. हार-फुलंवाले, प्रसादवाले, फोटोवाले, लॉजवाले, बायाबापड्या, सगळे अंगणात. मच्छिंद्र विटांच्या थप्पीवर चढला आणि त्याने जसं घडलं तसं सांगून टाकलं. खंडेनवमी, हळदीकुंकू, सगळं. हसण्याचा असा लोट आला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कुणी म्हणालं, "आरं, नारळ बी फोडायचा हुता मशिनीवर!" हसू ओसरलं तसे आवाज चढायला लागले. आमच्या गाळ्यांचं काय? पैसे काय झाडाला लागतात का? एक जण मच्छिंद्रच्या कॉलरपर्यंत पोचला. मच्छिंद्र जागचा हलला नाही. म्हणाला, "भावांनो, माझं मशीन इसरलंय. तुमी तर इसरला न्हाई ना? ज्यानं त्यानं आपापल्या गाळ्यात जाऊन हुबं ऱ्हावा."

लोक कुरकुरत हलले. मी जुनी यादी आणि कोरे कागद घेऊन मागे मागे. एका गाळ्यात दोन माणसं उभी राहिली की संपलं, हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. पण गंमत बघा, लोक ज्याच्या त्याच्या जागी अगदी सरळ जाऊन उभे राहिले. शेजार पाहून गाळा घेतलेला माणूस तो विसरेल कसा? "हां, हा माझ्या उजवीकडं," "ही आमची भावजय डाव्या अंगाला," असं एकमेकांना ओळख देत रांगा भरत गेल्या. मी लिहीत गेले. तेवढ्यात रस्त्याकडच्या कोपऱ्यावरच्या गाळ्यात दोघं उभी दिसली. एक कौसाबाई, हार विकणारी, डोईवर पदर आणि हातात रिकामी पाटी. दुसरा शेठजींचा मेव्हणा.

"कोपरा माझा हाय," कौसाबाई म्हणाली. मेव्हणा हसला. "यादी बघा. कोपरा प्रसादवाल्या आप्पांचा हाय. आन् आप्पांनी तो मला दिलाय. इचारा त्यास्नी." जुन्या यादीत कोपरा खरोखरच आप्पांच्या नावावर होता. कौसाबाईशी त्यांची अदलाबदल झालेली मला आठवत होती, पण माझ्या आठवणीला तिथे कोण विचारतं? आप्पा लागूनच्या, दुसऱ्या गाळ्यात उभे होते. म्हातारा माणूस, खाली मान घालून. त्यांची जुनी टपरी शेठजींच्याच जागेत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शेठजी लांब मोटारीला टेकून उभे. कौसाबाईने एकदा आप्पांकडे पाहिलं आणि पाटी छातीशी धरली. तिचा कोपरा जाणार, आणि त्याच्याबरोबर आमच्या कागदावरचा प्रत्येक गाळा हिसकावता येतो हे सगळ्यांना कळणार, इतकं ते माझ्यासमोर स्पष्ट होतं.

मच्छिंद्र आप्पांच्या उंबऱ्याशी जाऊन उकिडवा बसला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आप्पा, मगाशी मी माझी चूक सांगितली. लोक हसले. पन मी काय मेलो न्हाई. तुमी बी बोला."

आप्पा जमिनीकडे बघतच म्हणाले, "कोपऱ्यावर दुपारचं ऊन येतं. माझं पेढं खराब हुत्यात. आन् मानूस आदी हार घेतो, मंग परसाद. म्हनून म्याच तिला म्हनलो, बाई, तू कोपऱ्याव बस, मी तुझ्या मागं." मान वर करून त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. "ह्यांना म्या कायबी दिलेलं न्हाई." मागून एक फोटोवाला ओरडला, "व्हय, बरुबर हाय!" मग दुसरा. मग सगळेच. मेव्हणा शेठजींकडे बघत होता आणि शेठजी मोटारीत बसत होते. मी कोपऱ्यापुढे कौसाबाईचं नाव लिहिलं तेव्हा पेनने कागद फाटला, इतका जोर दिला होता.

पाडव्याला चाव्या वाटल्या गेल्या. शेठजींनी पुढचं एकही काम आम्हाला दिलं नाही, आणि तो हिवाळा फार वाईट गेला. पण कामं यायला लागली ती गाळेधारकांच्या तोंडून. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर... फोनवर विचारायचे, "हळदीकुंकूवाले कॉम्प्युटर तेच ना तुमी?" मला ते लागायचं. मच्छिंद्र मात्र "व्हय, तेच!" म्हणून खदखदून हसायचा. त्याला मी भाबडा म्हणायचे, मूर्खही म्हटलंय. आज वाटतं, आमच्या दोघांत धंदा खरा त्यालाच कळत होता. हे त्याच्या तोंडावर कधी म्हटलं असतं, तर सोनईपर्यंत दवंडी पिटली असती त्याने.

गेल्या आठवड्यात मार्केट यार्डातले एक गोदामवाले तावातावाने ऑफिसात आले. एकच गोदाम आमच्या कागदावर दोघा भाडेकरूंच्या नावे छापून गेलं होतं. मी बघितलं आणि कळलं, चूक प्रोग्रॅमची, म्हणजे माझी. त्यांनीच मला वाट करून दिली. "लाइट गेली आसंल, न्हाई का ताई? त्यातच झालं आसंल." मी तोंड उघडलं. समोर मच्छिंद्रची खुर्ची होती. तो गेल्यापासून तिच्यात कुणी बसलेलं नाही. आलेल्याला मीच बाकाकडे हात दाखवते.

"लाइट नव्हती गेली," मी म्हणाले. "चूक माझी आहे. उद्या मी स्वतः यार्डात येऊन निस्तरते."

त्यांचा चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं, "बरं बरं, व्हतं आसं," म्हणत जवळची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले. मच्छिंद्रच्याच खुर्चीत. मी खिडकीतून खाली हाक मारून दोन चहा सांगितले.