स्कॅनरमधली आरती

माझं काम परळच्या एका लॅबमध्ये, कॉम्प्युटरवर. स्वमग्न मुलांच्या मेंदूचे स्कॅन येतात. मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलेला आहे, याचं मी मॉडेल बनवते. स्कॅन चालू असताना मूल हललं, तर दूरच्या जोडण्या उगाचच कमकुवत दिसतात. म्हणून आधी हालचालीचा आलेख बघायचा, मगच पुढे जायचं. यावरून ज्युनियरांना मी इतकं झापलंय की ते मला पाठीमागे मास्तरीण म्हणतात.

आणि माझ्या सात वर्षांच्या भाचीचा स्कॅन आला, तेव्हा मीच तो आलेख बघितला नाही. राहवेना, थेट मॉडेल चालवलं. दूरच्या जोडण्या जवळजवळ नव्हत्याच. ती अजून बोलत नाही, आणि दादरचा स्पीच थेरपीचा वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही, हे दादा-वहिनी माझ्या उत्तरावर ठरवणार होते. एका चित्रावरून असं काही सांगता येत नाही, हे मीच जगाला सांगत फिरते. पण घरचं माणूस असलं की अक्कल गहाण पडते. चार दिवस मी वहिनीचे फोन टाळले. चिंचपोकळीला त्यांच्याकडे जायची हिंमतच होईना.

पाचव्या दिवशी आलेख उघडला. पोरगी हलली होती, आणि तीही ठेक्यात. मान वर, मान खाली, एकसारखी. मी कपाळावर हात मारला.

मशीनच्या ठणठणाटाची सवय व्हावी म्हणून स्कॅनच्या आधी आठवडाभर मीच तिला पलंगाखाली झोपवून स्टीलच्या ताटावर डाव बडवत होते. ऑफिसातून गेल्यावर, म्हणजे दिवेलागणीला. त्यांच्याकडे आरतीची वेळही तीच, आणि झांजा वाजल्या की ती मान डोलावते. अगं बये, मी तिला आरतीचीच तालीम दिली होती!

पुन्हा स्कॅन केला. या वेळी वहिनीने आठवडाभर तिच्याशी स्टॅच्यू खेळून सराव करून घेतला. आलेख सरळ आला. जोडण्या दिसल्या, काही बारीक, पण होत्या. बाथरूममध्ये जाऊन मी मनसोक्त रडले. मग वहिनीला सगळं सांगितलं, चार दिवसांची लपवाछपवीसुद्धा. चित्र कसंही असो, वर्ग बंद करू नका, हेही सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं.

"म्हणजे मशीनच्या आत एकटी होती, तरी आपल्यातच होती," वहिनी म्हणाली.

इतकी वर्षं मी जोडण्या मोजतेय. मला हे सुचलं नव्हतं.