ग्लेनिसचं एक बावन्न

थंड पाण्यात पाऊल टाकलं की प्रत्येकाचा एक आवाज निघतो. मर्व्हचा "हुऽऽश", लांबलचक, टायरमधली हवा गेल्यासारखा. माझ्या पापूचा, म्हणजे ग्रीक आजोबांचा, एकच "हं", जणू पाण्याने त्याला उलट उत्तर दिलंय. ग्लेनिस टबोनचा आवाज निघत नाही, कारण तिचं वाक्य आधीपासूनच चालू असतं. "तर मी त्या डॉक्टरला म्हटलं, बाळा, गुडघा माझा आहे, तुझा नाही," असं म्हणत ती कमरेपर्यंत जाते, मग खांद्यापर्यंत, आणि तेरा अंशांच्या पाण्यात तिचा सूर जरासुद्धा थरथरत नाही. पोहतानाही तेच. बेडकासारखे हातपाय, मान वर, केस कोरडे, तोंड सुरू. शेजारून जो जाईल त्याच्याशी गप्पा. एकोणतीस वर्षं तिने सिडनीत बस चालवली, त्यामुळे तिच्या लेखी चढणारा-उतरणारा प्रत्येकजण 'बाळा'. ती एकाहत्तर वर्षांची, मर्व्ह अठ्ठ्याहत्तरचा. तोही 'बाळा'च.

मे ते सप्टेंबर, म्हणजे आमच्याकडचा हिवाळाभर, दर रविवारी सकाळी नऊ वाजता, आमचा क्लब खडकातल्या तळ्यात पोहतो. एका बाजूला कडा, तीन बाजूंना सिमेंटची भिंत, भिंतीपलीकडे समुद्र. भरतीच्या वेळी लाट भिंतीवरून सरळ आत येते आणि तुमचं तोंड उघडं असेल तर तोंडातही. पोहून झालं की पावात घातलेलं सॉसेज, त्यावर परतलेला कांदा आणि मोठ्या पिंपातला चहा. "ऐन हिवाळ्यात? रविवारी? झोप सोडून?" असं वर्गातली मुलं मला विचारतात. मी म्हणते, या एकदा. कुणी येत नाही.

आमच्या शर्यतीत सगळ्यात हळू माणूस सगळ्यात आधी निघतो. तळ्याच्या त्या टोकाला जायचं आणि परत यायचं, पन्नास मीटर. त्याला कुणाला किती वेळ लागतो ते पापूच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं. तो तुमचा आकडा. ग्लेनिसचा एक मिनिट बावन्न सेकंद, म्हणून पहिली उडी तिची. मर्व्हचा एक चाळीस, म्हणून तो तिच्यानंतर बारा सेकंदांनी. माझा अडतीस सेकंद, म्हणजे मी सव्वा मिनिटभर काठावर दात वाजवत उभी. प्रत्येकजण आपल्या आकड्याप्रमाणे पोहला तर सगळे एकदमच परत पोचतील. त्या दिवशी जो जरासा बरा पोहला तो जिंकतो. पण जरासाच हं. आकड्यापेक्षा दोन सेकंदांहून जास्त लवकर आलात की तुम्ही 'फुटलात'. म्हणजे इतके रविवार मुद्दाम हळू पोहत होतात, चला, बाद. घड्याळ घालून पाण्यात उतरायला बंदी आहे. मोजायचं ते मनात.

थोडक्यात, आमच्याकडे एकमेकांवर संशय घेणं हा मुख्य खेळ, पोहणं जोडीला.

आणि त्या संशयाचा प्रमुख म्हणजे माझा पापू, माझ्या आईचे वडील, कोस्टा. आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होता. अजूनही माणसाकडे बघतो ते ह्याच्यात कुठे गळती आहे असं. गळ्यात दोन स्टॉपवॉच, एक दगा देईल म्हणून दुसरं. "रविवारी मी कुणाचा मित्र नाही," तो सांगतो. "मित्र सोमवारी."

जुलैमध्ये मला ग्लेनिसचे केस हिरवे दिसले.

हिरवेगार नाही. पांढऱ्या केसांना कडेने हिरवट झाक. मर्व्हनेही पाहिलं. "ग्लेनिस, शेवाळ धरलंय तुला. जागची हलत नाहीस ना पाण्यात, त्यामुळे."

"नवा शाम्पू आहे, बाळा. तुला नाही कळायचं, तुला केसच नाहीत."

सगळे हसले आणि विषय संपला. माझा संपेना. केस हिरवे कशाने होतात ते शाळेत पोहणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत असतं. तरणतलावातल्या औषधाने. आमच्या तळ्यात औषध नाही, समुद्र आहे. आणि मुख्य म्हणजे, जी बाई डोकं कधी ओलंच करत नाही तिच्या केसांना पाणी लागलं कुठे?

उत्तर गुरुवारी मिळालं, आणि तेही आयतं. शाळेने आम्हाला पोहायला बंदिस्त तलावावर नेलं होतं, गरम पाण्याच्या. मोठ्या तलावाशेजारी लहान मुलांचा उथळ तलाव आहे. तिथे पाच-पाच वर्षांची सहा पोरं फळ्या धरून ओळीने उभी होती, आणि ओळीत सातवी ग्लेनिस. शिकवणारा मुलगा एकोणीसेक वर्षांचा असेल. तो तिच्याशीही त्यांच्याशी बोलतो तसंच बोलत होता. "शाब्बास! आता चेहरा आऽऽत! बुडबुडे! नाकाने बुडबुडे, ग्लेनिस! आता एक कान झोपला, तोंड वर, श्वास! वा वा वा, ग्लेनिसला टाळ्या!" आणि सहा पोरांनी खरंच टाळ्या वाजवल्या.

ग्लेनिस वर आली, डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि तिला मी दिसले. मी आजवर पाहिलेली तिची ती सगळ्यात लांब शांतता. चार सेकंद तरी असेल.

"एलेनी," ती म्हणाली, "तू मला पाहिलेलं नाहीस."

"तू बुडबुडे काढत होतीस."

"तेही पाहिलेलं नाहीस. इकडे ये."

बाकावर टॉवेल गुंडाळून तिने मला सांगितलं. क्लबच्या खोलीत भिंतीवर एक हिरवी पाटी आहे, दर हिवाळ्याच्या शेवटच्या रविवारी जो जिंकतो त्याचं नाव तिच्यावर सोनेरी रंगाने चढतं. साल्वू टबोन, ग्लेनिसचा नवरा, त्या पाटीवर चार वेळा आहे. तो जिंकत होता तेव्हा बायकांना क्लबात घेत नसत. बारा हिवाळे ग्लेनिस त्या पिंपातून चहा ओतत होती. मग नियम बदलला आणि पहिल्याच दिवशी तिने किटली खाली ठेवून फॉर्म भरला. तेव्हापासून दर रविवारी पोहतेय आणि एकदाही जिंकलेली नाही. साल्वू जाऊन सहा वर्षं झाली.

"त्याच्या खाली माझं नाव हवंय," ती म्हणाली. "एकदाच. नोव्हेंबरात माझ्या कमरेचं ऑपरेशन आहे. त्यानंतर पुढच्या मे महिन्यात मी पाण्यात असेन की खुर्चीत, कोण सांगणार? तेव्हा ह्याच वर्षी."

"पण जिंकायला तर फक्त दोन सेकंद लागतात. बेडकासारखं पोहूनही—"

"नाही जमत! दोन सेकंद कधी कमी पडतात, कधी लाट दहा सेकंद मागे ढकलते. साल्वू म्हणायचा, राखीव हवं. पोटात जास्तीचा वेग ठेवायचा आणि शेवटी लागेल तेवढाच बाहेर काढायचा. म्हणून हे." तिने हात फिरवून दाखवला, एक कान झोपलेला. "जायचं नेहमीसारखं. यायचं नेहमीसारखं. मनात मोजत राहायचं. शेवटच्या दहा मीटरला मान खाली, पाच-सहा हात मारायचे, एक एक्कावन्नला भिंत. दर रविवारी काय करतेय मी? एक बावन्न. बरोब्बर."

"ही तर लबाडी आहे, ग्लेनिस."

"सगळेच करतात, बाळा. मी फक्त उशिरा शिकले."

मला खरं तर तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढंच कळेना की ती खरंच मोजू शकेल का. बोलता बोलता मोजणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं.

अडचण घरी होती. बुधवारी पापूकडे मसुराचं सूप असतं. तो पुठ्ठा समोर ठेवून जेवतो.

"ग्लेनिस," तो म्हणाला. "एक बावन्न. एक बावन्न. एक बावन्न. मला नाही आवडत."

"का? चांगलंच आहे की."

"माणूस एवढा बरोब्बर नसतो. मी चाळीस वर्षं तारा जोडल्या, मीसुद्धा नव्हतो." त्याने चमचा खाली ठेवला. "तुला काही ठाऊक आहे?"

"मला? सूप फार गरम आहे."

"सूप गार झालंय, एलेनी."

मी मुकाट्याने सगळं संपवलं आणि वर दुसऱ्यांदा मागून घेतलं. माझ्याबद्दलचा त्याचा संशय त्यामुळे दुप्पट झाला असणार.

शेवटच्या रविवारी भरती होती. लाटा भिंतीवरून दर मिनिटाला आत येत होत्या. ग्लेनिस आली ती डोक्यावर पोहण्याचा चष्मा चढवून.

"हे काय, पाणबुडी?" मर्व्ह म्हणाला.

"ऊन लागतं डोळ्यांना."

"ढग आलेत."

"मग ढग लागतात. तुझी उडी तू सांभाळ, बाळा."

पापूने पुठ्ठा वर केला, सगळ्यांकडे गळती शोधणाऱ्या नजरेने पाहिलं आणि म्हणाला, "पहिली. ग्लेनिस." ती उतरली, आणि अर्थातच बोलत उतरली. बारा सेकंदांनी मर्व्ह, "हुऽऽश". ग्लेनिस नेहमीसारखी चालली होती, मान वर. पण तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मोजत होती! मला एवढा आनंद झाला की मी शेजारी उभ्या बाईचा हात दाबला.

ती त्या टोकाला पोचली, भिंतीला हात लावला, वळली. छप्पन्नाच्या जागी अठ्ठावन्न. पापूने आकडा मोठ्याने म्हटला नाही, पण मी त्याच्या खांद्यावरून वाचला. आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट आत आली, ग्लेनिसच्या डोक्यावरून गेली आणि तिला परत भिंतीला चिकटवून गेली. ती खोकली. तिला वाटलं असणार की आता फारच उशीर झाला. तिने चष्मा खाली ओढला आणि चेहरा पाण्यात घातला. तिथूनच. पंचवीसच्या पंचवीस मीटर बाकी असताना.

 ग्लेनिसची मान पाण्यात, हे दृश्य तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. एक हात, दुसरा हात, कान झोपला, श्वास. सुंदर नव्हतं, पण चाललं होतं. मर्व्ह अजून तिकडेच जात होता. समोरून ती गेली तेव्हा तो पोहायचं थांबून बघत राहिला.

"कोस्टा, ही कोण आहे?" कुणीतरी विचारलं.

 पापूने माझ्याकडे पाहिलं.

पंधरा मीटर. आता थांब, मी मनात म्हणतेय, थांब, मान वर काढ, मोज. दहा. "हळू!" मी ओरडले. तिला ऐकू जाईना, कान पाण्यात. ज्या बाईला तीस वर्षं काठावरचा शब्दन् शब्द ऐकू आला तिला आता काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं. "चौऱ्याहत्तर! एलेनी, उडी!" पापू ओरडला. ती माझी वेळ होती. मी मारली नाही. "ग्लेनिस! थांब!" आता सगळेच ओरडत होते, जे तिच्याविरुद्ध पोहणार होते तेसुद्धा.

तिने भिंतीला हात लावला. एक मिनिट चौतीस.

"फुटली," पापू म्हणाला. नियम आहे, म्हणावंच लागतं. पण इतक्या हळू की त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

ग्लेनिसने चष्मा वर केला. मला वाटलं रडेल. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"खाली बघितलंयत का तुम्ही?" ती म्हणाली. "खाली! जांभळे काटेरी गोळे आहेत. शेकड्यांनी! आणि एक निळा मासा आहे, एवढा, जाड ओठांचा. माझ्याबरोबर चालला होता. माझ्या बरोबरीने, बाळा! मी सदुसष्टपर्यंत मोजलं आणि मग तो आला."

"ग्रोपर," पापू म्हणाला. "मोठ्या भरतीत आत आलाय. मार्चपासून आहे."

"मार्चपासून! आणि मला कुणी सांगितलं नाही?"

मर्व्ह तेवढ्यात धापा टाकत पोचला, एक एक्कावन्नला, म्हणजे त्याच्या आकड्याहून एक सेकंद कमी. भिंत धरून तो म्हणाला, "सांगणार कधी? तू मधे जागा देतेस का कुणाला?"

त्याला अजून कळलं नव्हतं की तो जिंकलाय. कळलं तेव्हा तो अर्धं मिनिट "मी? मी?" एवढंच करत होता.

चहाच्या वेळी ग्लेनिस क्लबच्या खोलीत गेली आणि मी मागोमाग गेले. ती हिरव्या पाटीसमोर उभी होती, ओल्या टॉवेलात. साल्वूच्या चौथ्या नावाखाली तिने बोट ठेवलं, मग ते हळूहळू पुढच्या नावांवरून खाली आणलं, जिथे आता मर्व्हचं नाव चढणार होतं तिथपर्यंत.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"खूप." नाक पुसलं. "साल्वू चार वेळा जिंकला. पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहायचा तो. घरी येऊन काय सांगायचा? 'पाणी गार होतं.' बावीस वर्षं पाणी गार होतं! एवढं सगळं खाली, आणि हा माणूस म्हणे पाणी गार होतं." ती हसायला लागली, आणि हसता हसता दुसरंही काहीतरी झालं, म्हणून मी पाटीवरची नावं वाचत बसले.

बाहेरून पापूचा आवाज आला. सीझनच्या शेवटी तो पुढच्या वर्षीचे आकडे वाचून दाखवतो. "पहिली उडी, मर्व्ह."

"काय? मी आत्ताच जिंकलो!"

"जिंकलास. आणि आता सगळ्यात हळूही तूच आहेस. दुसरी ग्लेनिस, एक चौतीस."

ग्लेनिसने मान वर केली. "एक चौतीस," ती हळूच म्हणाली. पाटीच्या तळाशी उरलेल्या मोकळ्या जागेवर तिने हात ठेवून बघितला; चार-पाच नावं मावतील एवढी होती. मग माझ्याकडे वळून, आवाज आणखी खाली आणून, म्हणजे शेजारच्या खोलीत जाईल एवढाच: "ऑपरेशनवाला डॉक्टर म्हणतो मार्चमध्ये पाण्यात उतरता येईल. समज, मार्च-एप्रिल गुरुवारी पुन्हा त्या पोरांबरोबर गेले. एक चौतीसला राखीव किती लागेल गं? दहा सेकंद?"

"ग्लेनिस," दारातून पापू म्हणाला, "मी इथेच उभा आहे."

"मग उभा का आहेस, बाळा?" ती म्हणाली. "चष्मा घे आणि मला त्या निळ्याकडे घेऊन चल. भरती उतरायच्या आत."