बाल्कनीतली पेटी

कॉलेजातल्या एका प्रदर्शनासाठी मी हवेचा आवाज बनवला. खांदा कॉलनीतल्या आमच्या बाल्कनीत धूळ मोजणारी डबी टांगली, तिचे आकडे इंटरनेटवरून प्रदर्शनातल्या कॉम्प्युटरला दिले आणि तिथल्या स्पीकरवर पेटीसारखे दोन सूर काढले, सा आणि प. हवा स्वच्छ असली की दोन्ही जुळलेले, धूळ वाढली की प घसरायला लागायचा. पाहुणे माना डोलावून गेले. खरा श्रोता मात्र घरातच होता.

बाबांना दमा. हवा खराब असेल त्या दिवशी फिरायला जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण मोबाइलवरचे आकडे दाखवले की बाबा म्हणायचे, "माजं नाक हाय ना." उरणकडच्या गावात त्यांनी जन्मभर भजनाला पेटी वाजवली. कुणी बेसूर गायलं तर आरती थांबवून आधी त्याला सुरात आणायचे, देव ताटकळला तरी चालेल. आकड्यांना भीक न घालणारा हा माणूस सुरापुढे तरी नमेल, अशा आशेने प्रदर्शन संपल्यावर मी कॉम्प्युटर आणि स्पीकरही घरी आणून मांडले.

पहिल्याच संध्याकाळी प घसरला. बाबांच्या कपाळाला आठ्या. "बिघडलीय गो तुजी पेटी."

"पेटी नाही बाबा, हवा बिघडलीय."

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर सूर हळूहळू छान जुळला. वारा फिरला असेल, म्हटलं. येऊन बघते तर बाबा फिरायला पसार, आणि डबीभोवती त्यांचा पंचा घट्ट गुंडाळलेला! बेसूर पेटी तशीच टाकून उठणं त्यांच्या स्वभावात नाही.

परतले ते धापा टाकतच. तोंडाला पंप लावून खुर्चीत बसले, छातीतून शिट्टी वाजत होती. मी रागाने पंचा ओढून काढला. सूर पुन्हा घसरला. ते दोन्ही आवाज ऐकताना मी फार घाबरले होते.

आता रोज संध्याकाळी बाबा चपला घालून बाल्कनीच्या दाराशी बसतात, सूर लागायची वाट बघत. चहा गाळताना माझेही कान तिकडेच. फिरायला जायला या माणसाला हवेची परवानगी लागते, याचा मला संताप येतो.

काल सूर लागलाच नाही. अंधार पडल्यावर त्यांनी चपला काढून जागेवर ठेवल्या.

"पेटी बरी हाय गो तुजी," ते म्हणाले. "हवाच बेसूर हाय."