सरकलेली बेंबी

आमच्या इंदिरानगरच्या घरात उदास व्हायची सोय नव्हती. पित्त होऊ शकायचं, डोकं धरू शकायचं, आणि फारच झालं तर बेंबी सरकायची. आईची तर सारखीच सरकायची. शेजारच्या काकू येऊन ती जागेवर आणायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

त्यामुळे नोकरी लागल्यावर वर्षभरात माझ्या पोटात खड्डा पडायला लागला, घास घशाखाली उतरेना, अंग जड झालं, तेव्हा मीही पोटालाच दोष दिला. सिन्नरच्या ऑफिसात माझ्या शेजारी देवळाली कॅम्पातली एक पंजाबी मुलगी बसायची, फौजी बापाची लेक. तिलाही आदल्या वर्षी असंच झालेलं, पण तिचं सगळं छातीत. "दिल बैठा जाता था," ती सांगायची. घरच्यांनी तिचे ईसीजीवर ईसीजी काढले. शेवटी ती मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेली आणि आता दोन डबे खायची, त्यातला एक माझा.

"तू भी जा," ती म्हणाली. मी म्हटलं, माझं हृदय ठणठणीत आहे, मला पोटाचा त्रास आहे.

रविवारी काकू गावाला गेलेल्या, म्हणून आईनेच मला उपाशीपोटी सतरंजीवर आडवं केलं. बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घातला. पणती विझली की तांब्या पोटाला गच्च चिकटतो आणि बेंबी ओढून जागेवर आणतो, असं आमचं शास्त्र.

"हलू नकोस," आई म्हणाली.

नेमकं तेव्हाच मला रडू फुटलं. पोट गदगदायला लागलं आणि त्यावर तांब्या नाचायला लागला. ते बघून हसूही येत होतं, पण रडू काही थांबेना.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"मग?"

"रोजच येतं असं. बसमध्ये, आंघोळ करताना. मला फार वाईट वाटत राहतं, आई. कशाचं ते कळत नाही."

आईने तांब्या सोडवला. पोटावर लाल गोल उठला होता, त्यावर ती बराच वेळ खोबरेल तेल चोळत बसली.

सोमवारी तिने माझ्याकडून ऑफिसातल्या मैत्रिणीच्या त्या डॉक्टरांचा नंबर घेतला आणि स्वतःच फोन लावला.

"दोघींना यायचंय," ती म्हणाली. "आधी मुलीला बघा. माझं काय, जुनंच आहे."