घाटाखालचा पैलवान नाही म्हणतो

बाबुलालशेठ पानाचा विडा तोंडात ठेवणार, तेवढ्यात मी सांगितलं की ओंकार पैलवान याही वेळी कुस्तीला नाही म्हणाला. विडा हातातच राहिला.

"पैसे वाढवून सांगतलं का त्याले?"

"तुम्ही म्हटलं तेवढं वाढवून सांगितलं. वर फेटा देऊ म्हटलं."

"मंग?"

"चहा पाजला अन् नाही म्हणाला."

शेठनं विडा परत तबकात ठेवला. "भेला तो," म्हणाले. "लिहून घे. त्या डोणगावच्या पोट्ट्याले भेला."

त्या वेळी मी नांदुऱ्याला बाबुलालशेठकडे मॅनेजर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. शेठचा मुख्य धंदा तंबूतल्या सिनेमाचा. पण कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं मोठं आवार रिकामं व्हायचं. त्याला चारही बाजूंनी भिंत, आत जायला एकच गेट. तिकीट लावून दंगल भरवायला याहून चांगली जागा नाही. जत्रेतली कुस्ती फुकट असते, भिंतीआड असली तरच लोक तिकीट काढतात. तर त्या दंगलीच्या जोडी लावणं माझ्याकडे होतं. जोड लावणं म्हणजे कोण कोणाशी लढणार ते ठरवणं आणि दोघांकडून हो म्हणवून घेणं. ठरवणं सोपं असतं. अवघड ते हो म्हणवून घेणं.

आमच्या मागच्या दोन दंगली पडल्या होत्या. जोडी वाईट नव्हत्या, पण पब्लिक आलं नाही. शेठचा विचार चालला होता की दंगल बंद करून नुसत्या तंबूवर राहावं. तसं झालं असतं तर माझी जागा गेली असती, कारण तंबूला मॅनेजर होता आणि तो शेठचा मेहुणा होता.

ओंकार पैलवान पिंपळगाव राजाचा. घरची बागायती, वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे. पस्तिशीकडे झुकलेला, अंगानं फार मोठा नाही, पण आमच्या भागात कोणी त्याला चितपट केलेलं नव्हतं. चितपट म्हणजे पाठ मातीला लावणं. दुसरा शालिग्राम, डोणगावचा. मोठ्या शेतकरी घरातला, चोविशीचा, उंच. मेहकरकडच्या एका जत्रेत मी त्याला पाहिला होता आणि तेव्हाच मनात ही जोड लावली होती. ओंकारनं मात्र दोनदा नकार दिला.

शेठ म्हणाले ते मला पटत नव्हतं. भ्यालेला माणूस कारणं सांगतो. गुडघा दुखतो म्हणतो, घरी लग्न आहे म्हणतो. ओंकारनं एकही कारण सांगितलं नव्हतं.

मी पुन्हा पिंपळगावला गेलो, पण या वेळी त्याच्या घरी न जाता बाजारात गेलो. त्याची बायको गोदाबाई तिथं भाजी घेऊन बसायची. मी वांगी घेतली, भाव केला नाही, आणि विचारलं.

"तुमी पैसे वाढवून राह्यले," ती वांगी तोलत म्हणाली. "पैशाचं नाही ते."

"मग कशाचं आहे?"

"तो पोट्टा कोन आहे? कोनाले माहीत आहे त्याले इथं?"

"नाही कोणाला."

"मंग सांगा. यायनं त्याले पाडलं त लोक काय म्हनतीन? कोन्या पोट्ट्याले पाडलं. अन् त्यानं यायले पाडलं त? कोन्या पोट्ट्यानं पाडलं." तिनं तागडी खाली ठेवली. "कुस्ती झाली का तुमी नांदुऱ्याले चालले. दुसऱ्या दिवशी या पोत्यावर मले बसा लागते. गिऱ्हाईक वांगं हातात घीन अन् पुसीन, काऊन वो, पैलवान पडले म्हने?"

मी परतीच्या एसटीत बसून हेच घोळवत होतो. शेठ आणि मी इतके दिवस ओंकारच्या हिमतीचा हिशेब करत होतो. त्याचा हिशेब वेगळा होता. जिंकून काही मिळणार नव्हतं आणि हरून सगळं जाणार होतं. असा सौदा शेठनंही केला नसता.

मग औषध एकच होतं. शालिग्रामला मोठा करायचा.

मी शेठला सांगितलं, "ओंकारचा नाद या साली सोडा. मला हिवाळाभर शालिग्राम द्या."

"त्याचं काय करशीन?"

"घाटाखाली फिरवतो."

आमचा बुलढाणा जिल्हा डोंगराच्या रांगेनं दोन भागांत विभागलाय. वरचा भाग घाटावर, खालचा घाटाखाली. नांदुरा, पिंपळगाव, खामगाव हे घाटाखाली, कपाशी आणि रेल्वेचा मुलूख. मेहकर, डोणगाव घाटावर. वरच्यांची बोली जराशी वेगळी, आमच्या 'ले'ला मधूनमधून ते 'ला' म्हणतात. आम्ही त्यांना अडाणी समजायचो आणि ते आम्हाला भित्रे. यावरून कधी कोणाचं डोकं फुटलं नाही, पण लग्नाच्या पंगतीत विषय निघायचाच.

त्या हिवाळ्यात मी शालिग्रामला घाटाखालच्या लहानलहान जत्रांत उतरवलं. जोडी नीट पाहून लावल्या. समोरचा अगदी कच्चाही नको आणि याला पाडील असाही नको. हे मॅनेजरचं खरं काम, आणि ते पोस्टरवर दिसत नाही. टांग्यावर लाऊडस्पीकर बांधून पुकारा करायचो तेव्हा मी त्याला वाघ, सिंह असं काही म्हटलं नाही. प्रत्येक दंगलीत पाच वाघ असतातच. मी एवढंच म्हणायचो, "घाटावरून आलेला शालिग्राम पैलवान."

हा एक शब्द सगळ्यांना झोंबला. शालिग्राम एकेक जण पाडत गेला तसं चहाच्या हॉटेलात, एसटी स्टँडवर बोलणं सुरू झालं, घाटावरचं पोट्टं येऊन आपल्यायले पाडून राह्यलं अन् ओंकार काऊन चुप आहे? कोणी म्हणे भेला. कोणी म्हणे, थांबा, तो बराबर वेळ पाहून राह्यला. नांदुरा स्टेशनवर दोन हमालांची यावरून बाचाबाची झाली. ओंकारच्या नकारानं माझ्या पोस्टरांपेक्षा जास्त पब्लिसिटी केली. तो गप्प बसला होता म्हणून लोक बोलत होते.

होळीच्या सुमारास मी पिंपळगावला गेलो. ओंकार मिरचीला पाणी देत होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "लावा जोड. आता चालते."

मी खुशीत नांदुऱ्याला आलो. शेठनं स्वतःच्या हातानं मला पान दिलं. जिनिंगचं आवार बुक झालं. आणि मग डोणगावहून निरोप आला, की शालिग्राम नाही म्हणतो.

मी धावत डोणगावला गेलो. शालिग्रामचे सगळे व्यवहार त्याचा मोठा भाऊ भगवानराव पाहायचा. माणूस शांत आणि हुशार. त्यानं मला बाजेवर बसवलं आणि सरळ सांगितलं.

"मागल्या वर्षी आम्ही हो म्हणत होतो, कारण पोराला कोणी ओळखत नव्हतं. तुम्हीच त्याचं नाव केलं, उपकार आहेत. आता जालन्याहून बोलावणं येते, अकोल्याहून येते. आता कशाला अंगावर घ्यायचं?"

ओंकारचा जुना हिशेब मी स्वतःच्या हातानं इथं आणून ठेवला होता.

निघताना भगवानराव म्हणाला, "एक रस्ता आहे. बरोबरीत सोडवायची. आधी बोलून घ्यायचं. दोघांचंही नाव राहते."

याला नुरा कुस्ती म्हणतात. दोघं घाम गाळतात, पंच हात वर करतो, कोणीच पडत नाही. हे मी शेठला सांगितलं तर त्यांना वाईट वाटलं नाही. "चालीन की," म्हणाले. "पब्लिक गेटात आलं म्हणजे झालं." मी म्हणालो, पब्लिकला कळलं तर जिनिंगचे पत्रे राहणार नाहीत. "तू ओंकारले पुसून त पाह्य," शेठ म्हणाले.

विचारायला जीभ उचलत नव्हती, पण नोकरी होती. ओंकारनं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाला, "मले डोणगावले घेऊन चला."

दुसऱ्या सकाळी आम्ही खामगावहून एसटीनं घाट चढलो. त्यानं बरोबर टोपलीभर वांगी आणि मिरच्या घेतल्या होत्या. कोणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाला. भगवानराव त्याला दारात पाहून चपापला, पण पाहुणचारात कमी केलं नाही. जेवणं झाली. मग ओंकार शालिग्रामला म्हणाला, "तुह्या तालमीची माती दाखव."

आम्ही चौघं गावच्या तालमीत गेलो. ओंकारनं वाकून मूठभर माती हातात घेतली, चुरगळून पाहिली, परत टाकली.

"मागच्या साली मी नाही म्हनलो," तो शालिग्रामला म्हणाला. "काऊन ते माहीत आहे का तुले?"

शालिग्राम भावाकडे पाहत म्हणाला, "भेले म्हने लोक."

"भेलोच होतो. तुले नाही. बाजारात लोक काय म्हनतीन त्याले भेलो. तवा तुले नाव नव्हतं. आता आहे. आता पडलो त लोक म्हनतीन शालिग्रामनं पाडलं. तसं पडाले मले लाज नाही."

शालिग्राम पायानं माती सारखी करू लागला.

"आता तू भेऊन राह्यला. त्यात बी लाज नाही, नाव झालं का भेव येतेच. तुहा भाऊ म्हनते बरोबरीत सोडवू. सोडवता येते. टाळ्या बी पडतीन. पन मंग माह्यात अन् तुह्यात कोन भारी, हे कधीच समजनार नाही. ना तुले ना मले. माह्याजवळ आता दोनचार साल आहेत. मले समजून घ्याचं आहे. तुले?"

शालिग्रामनं या वेळी भावाकडे पाहिलं नाही. "मले बी," तो म्हणाला.

भगवानरावनं दोघांकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "निकाली लावा." निकाली म्हणजे कोणीतरी पडेपर्यंत.

दंगलीच्या दिवशी रेल्वेनं लोक आले, एसटीनं आले, बैलगाड्या तर जिनिंगपासून रस्त्यापर्यंत लागल्या. घाटावरचे एका बाजूला बसले, घाटाखालचे दुसऱ्या. मी कोणाला तसं बसवलं नव्हतं. डफडी वाजत होती आणि शेठ गेटवरून हलत नव्हते.

कुस्ती लांबली. सुरुवातीला ओंकार वरचढ होता. शालिग्राम पायात शिरला की तो बाजूला व्हायचा, आणि एकदा त्यानं शालिग्रामच्या मागे जाऊन त्याला पालथा घातला. आमची बाजू उभीच राहिली. ओंकार त्याच्यावर ठाण मांडून बसला, मान दाबली, हात काढू पाहिला, पण शालिग्राम उलटेना. खालच्या माणसाचा दम असा संपतो, पण त्या दिवशी तो वरच्याचा संपत होता. मी जवळ होतो, मला ओंकारच्या पोटऱ्या थरथरताना दिसल्या. शालिग्राम गुडघ्यावर आला, उठला, ओंकारला कमरेला धरून वळला आणि दोघं मातीत कोसळले. ओंकार खाली होता. पाठ लागली होती. पंचाला वाकून पाहावंही लागलं नाही.

घाटावरच्यांनी एकच गलका केला. आमच्या बाजूला चिडीचूप. मला भीती त्या शांततेची होती. अशा शांततेतून दगड येतात.

ओंकार उठला. केसांतली माती झटकली. कडेला जाऊन पाण्याचा तांब्या मागितला, अर्धा प्याला आणि उरलेला शालिग्रामला दिला. शालिग्रामनं तो घेतला, आधी त्याच्या पाया पडला आणि मग प्याला.

आमच्या बाजूनं कोणीतरी बसल्या जागेवरून ओरडलं, "पैलवान, पुढच्या साली."

मग दुसरा ओरडला. मग सगळी बाजू तेच म्हणू लागली. दगड एकही आला नाही. शेठ गेट सोडून माझ्यापाशी येऊन उभे राहिले होते. "ऐकून राह्यला का?" ते हळूच म्हणाले. "पुढच्या सालचं तिकीट विकून राह्यले हे लोक, अन् आपल्याले पोस्टर बी लावा लागलं नाही."

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम पिंपळगावला गेलो. गोदाबाईच्या पोत्याभोवती गर्दी होती. मला वाटलं, भांडण आहे. पण माणसं कुस्तीचं विचारत होती. पैलवान वर बसले होते तेव्हा शालिग्राम उलटला काऊन नाही, पैलवानाची कंबर कशी आहे, मळ्यात गेलं तर भेटतील का. ज्यांनी कधी वांगी घेतली नव्हती तेही घेऊन जात होते.

"काय म्हणतात लोक?" मी विचारलं.

"काही नाही म्हनत," ती म्हणाली. "हालहवाल पुसतात. यायले त झोप बी चांगली येऊन राह्यली."

ती जोड आम्ही पुढं आणखी तीनदा लावली. ओंकारनं एकदा शालिग्रामला पाडलं, एकदा बरोबरी झाली आणि शेवटची शालिग्रामनं जिंकली. चारही निकाली ठरलेल्या, चारही खऱ्या. त्यातली बरोबरीही खरी होती. तेव्हा दोघांना उभं राहवेना म्हणून पंचानं सोडवली. शेठनं दंगल बंद केली नाही आणि मी नोकरीत राहिलो.

मी बरीच वर्षं जोडी लावल्या. पैलवान नाही म्हणाला की मी बिदागी वाढवत नसे. तो पडला तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच्या घरचं कोण बसतं, ते आधी पाहून येत असे. आणि दोन्ही पैलवान कधीच न हरलेले असले तर एवढं धरून चालत असे, की दोघांपैकी एक जण नाही म्हणणारच. कोणता, ते शेवटपर्यंत सांगता येत नाही.