सांगितलेलं बरं

“आता कन्नडात बोलतो हं.”

शिपायाला चहा सांगण्याआधी माझे एक सहकारी आम्हाला असं कळवायचे. चहा सांगून झाला की, “आता परत मराठीत.” माणूस अक्कलकोटकडचा, दोन्ही भाषा घरच्याच. आपल्या सोलापुरात माणसं एका वाक्यात दोनदा भाषा बदलतात आणि त्यांचं त्यांनाही कळत नाही, हे तुम्ही रोज ऐकता. हे मात्र दाराशी चपला काढायला थांबावं तसे थांबायचे.

आम्ही दोघे तंत्रनिकेतनात गणित शिकवत होतो. मुलांना ते आवडायचे. माझ्या बायकोलाही आवडायचे. का, ते मी विचारलं नाही.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत प्राचार्यांना फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकवण्याची लहर आली. गावात संगणक नव्हता, पण ही अडचण त्यांना किरकोळ वाटली. मुलांच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहायचा. ज्याचा बरोबर चालेल तो मुंबईला प्रशिक्षणाला जाणार. मला जायचं होतं. बॅग माळ्यावरून काढून पुसूनही ठेवली होती.

त्यांचा कागद मी पाहिला. प्रत्येक भागाकारात ‘फ्लोट’ लिहिलेलं. म्हणजे, हा पूर्णांक आता दशांश समज.

“यंत्राला एवढं कळत नाही होय?” मी म्हणालो.

“कळत असेल. पण सांगितलेलं बरं की.”

माझा प्रोग्राम सुटसुटीत, देखणा होता. प्राचार्यांनी दोन्ही लिफाफ्यांना कुंकू लावलं, भाषण केलं आणि लिफाफे पुण्याच्या संगणकाकडे रवाना झाले.

उत्तरं आली. पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की ते यंत्र उरलेला अपूर्णांक मुकाट्यानं टाकून देतं. साताला दोनानं भागा, तीन येतात. माझ्या यादीत एकाही मुलाच्या नावापुढे अर्धा गुण उरला नव्हता. त्यांच्या यादीत ज्याचा त्याला मिळाला होता.

स्टेशनवर पोरांची गर्दी होती. मीही गेलो, न जाणं दिसलं असतं. खिडकीतून ते म्हणाले, “आता मित्र म्हणून बोलतो हं. तुमचा प्रोग्राम माझ्यापेक्षा सुंदर होता.” मनापासून म्हणाले. धड रागही धरू दिला नाही.

त्यांना मुंबईतच नोकरी लागली. त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. एकदा फळ्यावर भागाकार मांडताना माझ्या तोंडून गेलं, “आता या आकड्याचा दशांश करतो हं.”

पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “सर, तुमी अगदी त्या सरांवानी बोलायलात की.”

सगळा वर्ग खुलला. माझ्या तासाला असा तो कधीच खुलला नव्हता. आणि आजही तो माझ्यामुळे खुलला नव्हता.